काळसर पानांचे जिरेनियम आणि रानातील प्रकाश



उन्हाळ्यात बाहेर जाताना काळा सदरा घालू नये, असे घरातील वडील माणसे सांगतात. काळा पृष्ठभाग प्रकाश अधिक शोषतो आणि लवकर तापतो, हे आपण शाळेतही शिकतो. आता एक प्रश्न विचारतो. एकाच जातीची दोन रोपे आहेत. एकाची पाने हिरवी, दुसऱ्याची काळपट तपकिरी. दाट सावलीत, जेथे प्रकाश फार थोडा पोचतो, तेथे यांपैकी कोणते रोप अधिक चांगले वाढेल?

'काळ्या पानांचे' असे उत्तर तुमच्या मनात आले असेल, तर वाईट वाटून घेऊ नका. महाविद्यालयात अठरा-वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका माणसानेही हेच उत्तर दिले होते, आणि त्यापायी एका रोपाची दोन वर्षे फुकट गेली. तो माणूस म्हणजे मीच. माझे नेमके काय चुकले, ते या लेखात पाहू.

हे कोणते जिरेनियम?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे रोपवाटिकेत 'जिरेनियम' म्हणून कुंडीतले जे लाल-गुलाबी फुलांचे झाड मिळते, ते शास्त्रीय दृष्ट्या जिरेनियम नव्हे. ते पेलार्गोनियम. निलगिरीत आणि अलीकडे महाराष्ट्रातील काही शेतांत सुगंधी तेलासाठी जे 'जिरेनियम' लावतात, तेही पेलार्गोनियमच. लिनिअसने १७५३ साली या दोन्हींना एकाच प्रजातीत घातले होते. पुढे १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने पेलार्गोनियम ही प्रजाती वेगळी केली. परंतु तोवर बागवानांच्या तोंडी जुने नाव बसले होते, ते आजही सुटलेले नाही. पेलार्गोनियमच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतील असून त्यांना कडाक्याची थंडी सोसत नाही.

खऱ्या जिरेनियमच्या चारशेच्या आसपास जाती असून त्यांतील पुष्कळशा समशीतोष्ण प्रदेशांत वाढतात. आपल्या हिमालयातही जिरेनियम वॉलिचिएनम ही सुंदर जाती आहे. 'गेरानोस' म्हणजे ग्रीक भाषेत क्रौंच पक्षी. या वनस्पतीचे फळ क्रौंचाच्या लांब चोचीसारखे दिसते, म्हणून हे नाव. बर्फाच्या हिवाळ्यात यांतील अनेक जातींची पाने मरतात, पण जमिनीखालचा भाग जिवंत राहतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. अशा जातींना बागवान 'काटक जिरेनियम' म्हणतात.

आपल्या कथेतील रोप जिरेनियम मॅक्युलेटम या जातीचे आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील पानझडी रानांत ते आपोआप उगवते. उंची साधारण ३० ते ६० सेंटिमीटर, पंजासारखी खोल कापलेली पाने, एप्रिल ते जूनच्या दरम्यान फिकट गुलाबी-जांभळी, पाच पाकळ्यांची फुले. जमिनीखाली जाड, आडवे वाढणारे खोड असते, त्याला मूलक्षोड म्हणतात. आपले आलेही मूलक्षोडच. रानातील या जातीची पाने हिरवी असतात. बागवानांनी तिच्यातून काळसर तपकिरी पानांचा एक वाण निवडून काढला व वाढवला. कॉफीच्या रंगावरून त्याला 'एस्प्रेसो' हे नाव मिळाले.

माझे चुकलेले उत्तर

माझी धाकटी बहीण अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहते. घरामागे थोडी जागा आहे. तिच्या एका अंगाला उंच ओक वृक्ष आणि दुसऱ्या अंगाला स्प्रूस, म्हणजे वर्षभर हिरवा राहणारा सूचिपर्णी वृक्ष. झाडांखाली तिने रानासारखी बाग करायला घेतली होती. २०२१ च्या वसंतात तिने 'एस्प्रेसो'चे रोप आणले आणि मला फोन केला.

"दादा, पानं अगदी चॉकलेटी आहेत. हे कुठं लावू? ओकखाली, का स्प्रूसखाली?"

मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "अगं, काळं पान प्रकाश जास्त शोषतं. हिरव्या झाडांना जिथं जमत नाही, तिथं याला जमेल. स्प्रूसखाली लाव."

तिने तसेच केले. पुढच्या वसंतात पाने आली, पण थोडी, लांब देठांची आणि एका बाजूला कललेली. फूल एकही नाही. सर्वांत नवल म्हणजे चॉकलेटी रंग जवळजवळ गेला होता आणि पाने मळकट हिरवी दिसत होती. २०२३ च्या मे महिन्यात सुटीत मी तिच्याकडे गेलो तेव्हा रोपाला जेमतेम चार पाने होती. बहीण म्हणाली, "तुझ्या पदार्थविज्ञानानं झाड मारलं की रे!"

पदार्थविज्ञान बरोबर होते. ते वापरणारा घाईत होता.

पान काळे का दिसते?

सूर्यप्रकाशात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सर्व रंग असतात. तरंगलांबीच्या भाषेत बोलायचे तर सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर. पानातील हरितद्रव्य यांतील निळा व तांबडा प्रकाश जोराने शोषते. हिरवा प्रकाश त्या मानाने कमी शोषला जातो. त्याचा काही भाग परावर्तित होतो, काही पानातून आरपार जातो, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते.

काळसर पानातही हरितद्रव्य असतेच. त्याशिवाय तेथे अँथोसायनिन नावाचे रंगद्रव्य असते. जांभूळ, वांग्याची साल, जांभळी कोबी यांचा रंग याच गटातील द्रव्यांचा. पेशीच्या आत रिक्तिका नावाची पाण्याने भरलेली पिशवी असते, तिच्यात हे द्रव्य विरघळलेले असते. ते मुख्यतः ५०० ते ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे हिरवा प्रकाश शोषते. आता गणित जमले. निळा आणि तांबडा हरितद्रव्याने घेतला, हिरवा अँथोसायनिनने घेतला. परत यायला फारसे काही उरले नाही. म्हणून पान काळपट दिसते.

काळे पान प्रकाश अधिक शोषते हे माझे विधान इथपर्यंत खरे होते. प्रश्न पुढे आहे. शोषलेल्या ऊर्जेचे होते काय?

हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेकडे पोचते आणि तिच्यातून शर्करा तयार होते. पानातील कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्येही आपण शोषलेल्या ऊर्जेचा काही वाटा हरितद्रव्याच्या हवाली करतात. अँथोसायनिन मात्र रिक्तिकेत, या यंत्रणेपासून दूर असते. त्याने शोषलेली ऊर्जा हरितद्रव्यापर्यंत जात नाही, तिची उष्णता होऊन जाते. एखाद्या घरी पाण्याचे दोन नळ आहेत, एक हौदात सोडलेला आणि दुसरा थेट गटारात. दोन्ही सोडले तर पाणी खूप वाहील, पण हौद लवकर भरणार नाही. तसेच हे.

एवढेच नव्हे. हिरवे पान हिरवा प्रकाश वापरतच नाही, ही समजूतही चुकीची आहे. हिरवा प्रकाश पानाच्या आत खोलवर शिरतो, इकडून तिकडे विखुरतो आणि त्यातला बराचसा भाग शेवटी हरितद्रव्याच्या उपयोगी पडतो. काळसर पानात हाच वाटा अँथोसायनिन मध्येच अडवते. म्हणजे दाट सावलीत काळसर पान हिरव्या पानाच्या पुढे नसते, उलट किंचित मागेच असते!

मग वनस्पती हे द्रव्य बनवते तरी कशाला? एक महत्त्वाचे कारण असे मानतात, की ते पानाची छत्री आहे. वसंतातील थंड सकाळ डोळ्यांपुढे आणा. ऊन लख्ख आहे, पण हवा गार असल्यामुळे पानातील रासायनिक क्रिया मंद आहेत. हरितद्रव्य प्रकाश घेतच राहते, परंतु ती ऊर्जा तितक्या वेगाने वापरली जात नाही. अशी शिल्लक ऊर्जा पेशीच्या नाजूक यंत्रणेला इजा करते. अँथोसायनिन थोडा प्रकाश आधीच अडवून हा भार हलका करते. आपल्या आंब्याची, पिंपळाची किंवा सह्याद्रीतील कुसुमाची कोवळी पालवी तांबूस असते, ती याच द्रव्यामुळे. पान जून झाले की हिरवे होते.

आता चॉकलेटी रंग का उडाला, तेही कळले. छत्री ऊन असेल तरच उघडतात. पानात अँथोसायनिन तयार होण्यासाठी चांगला प्रकाश लागतो, पानात शर्करा शिल्लक असावी लागते आणि हवा थंड असली तर ते अधिक बनते. स्प्रूसच्या अंधारात यांपैकी पहिल्या दोन गोष्टी नव्हत्या. रोपाने छत्री मिटून ठेवली.

सावलीचाही रंग असतो

मी बहिणीच्या बागेत प्रकाश मोजण्याचे लक्समापक घेऊन गेलो होतो. दुपारच्या स्वच्छ उन्हात आकडा ९०,००० लक्सच्या आसपास, तर स्प्रूसखाली दीड हजाराच्या आत. घनदाट पर्णसंभाराखाली उघड्यावरच्या प्रकाशाचा शेकडा एक ते पाच एवढाच भाग पोचतो. माझा आकडा त्यात बसत होता.

पण लक्सचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. हे एकक माणसाच्या डोळ्याच्या संवेदनक्षमतेवर बेतलेले आहे. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो. वरच्या पानांनी निळा आणि तांबडा प्रकाश गाळून घेतला, तर खाली उरलेला हिरवट प्रकाश आपल्याला ठीक वाटतो, पण झाडाच्या दृष्टीने तो चोथा असतो.

याच गाळणीतून आणखी एक प्रकाश जवळजवळ न अडता खाली येतो. तांबड्याच्याही पलीकडे, ७३० नॅनोमीटरच्या आसपास असलेला 'दूरतांबडा' प्रकाश. आपल्या डोळ्याला तो जेमतेम दिसतो. उघड्या उन्हात तांबडा आणि दूरतांबडा यांचे प्रमाण १.२ च्या जवळपास असते, तर दाट झाडीखाली ते ०.२ किंवा त्याहूनही खाली घसरते.

वनस्पतीला हा फरक कळतो. अमेरिकेत मेरिलँड राज्यातील बेल्ट्सव्हिल येथे बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली लेट्यूस या भाजीच्या बियांवर एक प्रयोग केला. तांबडा प्रकाश दिला की बिया रुजत. त्यानंतर लगेच दूरतांबडा दिला की रुजणे थांबे. पुन्हा तांबडा दिला की पुन्हा रुजत. शेवटी कोणता प्रकाश पडला, त्यावर सगळे अवलंबून! यामागचे द्रव्य १९५९ मध्ये तेथेच हाती लागले. त्याला फायटोक्रोम म्हणतात. याच द्रव्याच्या मदतीने वनस्पती 'आपल्या डोक्यावर दुसऱ्याची पाने आहेत' हे ओळखते आणि प्रकाशाच्या शोधात देठ-खोड लांबवते. रानातच राहणाऱ्या वनस्पतींमध्ये ही ओढ उघड्यावरच्या वनस्पतींपेक्षा कमी असते, पण उपासमार झाली की त्याही वाकतात. बहिणीच्या रोपाचे लांबट, कललेले देठ हेच सांगत होते.

सावलीचे पंचांग

मग हे झाड रानात वाढते कसे? याचे उत्तर पंचांगात आहे.

पेनसिल्व्हेनियातील ओक हा पानझडी वृक्ष. हिवाळ्यात तो निष्पर्ण असतो आणि नवी पाने यायला एप्रिलअखेर ते मे उजाडतो. तोवर उघड्या फांद्यांमधून निम्म्याहून अधिक प्रकाश जमिनीवर पोचू शकतो. सूर्यही वर चढलेला असतो. तेथील अक्षांश सुमारे ४० अंश उत्तर आहे. २१ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा साडेसव्वीस अंश वर असतो, तर २१ मार्चला तो ५० अंशांवर येतो. प्रकाश आहे, ओल आहे आणि वर छप्पर नाही, असे काही आठवडे रानाच्या तळाला मिळतात. जिरेनियम मॅक्युलेटम याच मुदतीचा फायदा घेते. ओकच्या आधी ते पाने पसरते, प्रकाश गोळा करते, फुलते, आणि छप्पर मिटता मिटता बी धरते. पुढचे महिने ते थोड्या प्रकाशावर काढते व पोटापुरते मूलक्षोडात साठवते.

काळसर वाणाचा रंगही याच आठवड्यांत सर्वांत गडद असतो. ऊन भरपूर, सकाळ थंड. उन्हाळा आला, सावली वाढली, हवा तापली की तो हिरवटपणाकडे झुकतो. त्यात रोग काही नाही.

म्हणजे ओकखालची सावली आणि स्प्रूसखालची सावली या जुलैमध्ये सारख्या दिसल्या, तरी एप्रिलमध्ये त्यांचा काही संबंध नाही. मी बहिणीला सल्ला देताना 'सावली' हा एकच शब्द ऐकला आणि तिच्यामागचे वर्ष विसरलो.

झाडाखाली सूर्याची चित्रे

ओकखाली जागा तरी नेमकी कोणती निवडायची? येथे आपल्या विषयातले एक सोपे साधन उपयोगी पडते, आणि ते तुम्ही आपल्या आंब्याखाली किंवा वडाखाली आजच वापरू शकता.

झाडाखाली उन्हाचे जे कवडसे पडतात, ते नीट पाहा. पानांमधील फटी वेड्यावाकड्या असल्या, तरी पुष्कळ कवडसे गोल किंवा लंबगोल असतात. कारण प्रत्येक बारीक फट सूचिछिद्र कॅमेऱ्याचे काम करते आणि कवडसा म्हणजे सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या वेळी हेच कवडसे कोरीसारखे होतात.

आकाशात सूर्याचा व्यास सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यावरून असे निघते, की प्रतिमेची रुंदी ही फटीपासूनच्या अंतराचा सुमारे १०८ वा भाग असते. कवडसा ११ सेंटिमीटर रुंद असेल, तर फट ११ × १०८, म्हणजे जवळपास १,२०० सेंटिमीटर किंवा १२ मीटर दूर आहे. कवडसा लंबगोल असेल तर त्याची आखूड बाजू मोजावी.

आता बागवानाला हवी असलेली गोष्ट. समजा फट ३ सेंटिमीटर रुंद आहे आणि १२ मीटर उंचीवर आहे. तिच्यातून आलेला प्रकाश ११ सेंटिमीटरच्या वर्तुळात पसरतो. क्षेत्रफळांचे गुणोत्तर रुंदीच्या वर्गाप्रमाणे, म्हणून कवडशातील प्रकाश पूर्ण उन्हाच्या सुमारे तेराव्या हिश्शाएवढा होतो. तीच फट ३ मीटरवर असती तर प्रतिमा ३ सेंटिमीटरपेक्षा लहान झाली असती आणि कवडशाच्या मध्यावर जवळजवळ पूर्ण ऊन पडले असते. म्हणजे उंच झाडाखालचा प्रकाश मऊ आणि सारखा पसरलेला, तर ठेंगण्या झाडाखालचा ठिपक्याठिपक्यांचा, एके ठिकाणी कडक ऊन तर शेजारी अंधार. झाडाच्या खालच्या फांद्या काढून 'सावली उंच करावी' असे अनुभवी बागवान सांगतात, त्यामागे आणखी प्रकाश आत येण्याइतकेच हेही कारण आहे.

मी आणि माझी भाची दोन दिवस फूटपट्टी घेऊन ओकखाली कवडसे मोजत होतो. शेवटी झाडाच्या पूर्वेकडील कडेची जागा ठरली. वसंतात भरपूर ऊन, उन्हाळ्यात सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी उंच सावली.

लागवड

सप्टेंबर २०२३ मध्ये बहिणीने रोप हलवले. तेव्हा केलेल्या गोष्टी क्रमाने देतो.

१. मोठ्या वृक्षाखाली सगळी जमीन खणू नये. वृक्षाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असतात. मुळांच्या मधली जागा शोधून रोपापुरता खड्डा करावा. अंगठ्याएवढे जाड मूळ लागले तर ते न तोडता खड्डा बाजूला सरकवावा.

२. खड्ड्याच्या मातीत कुजलेला पाला मिसळावा. रानातील जमीन अशीच असते, ओल धरणारी पण पाणी न तुंबणारी.

३. मूलक्षोड आडवे, जमिनीच्या पृष्ठभागालगत ठेवावे. खोल गाडल्यास ते कुजते.

४. दोन रोपांत ४० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे.

५. वर कुजक्या पाल्याचे चार-पाच सेंटिमीटर आच्छादन द्यावे. कोंबांचे डोळे मात्र झाकू नयेत.

६. पहिले वर्षभर पाणी चुकवू नये. वृक्ष जमिनीतील पाणी ओढून घेतो, आणि त्या स्पर्धेत नवे रोप मागे पडते.

७. तीन-चार वर्षांनी दाटी झाली, की वसंताच्या आरंभी किंवा शरद ऋतूत मूलक्षोडाचे तुकडे करून लावावेत. प्रत्येक तुकड्याला डोळा आणि मुळे हवीत.

आणखी एक गोष्ट बहिणीच्याच लक्षात आली. काळसर पान काळ्या मातीवर दिसत नाही! आपल्याला वस्तू दिसते ती भोवतालच्या मानाने ती किती कमी-अधिक प्रकाश परावर्तित करते यावरून. म्हणून तिने शेजारी टिअरेला ही पांढऱ्या फुलांची रानवनस्पती आणि फिकट हिरवे नेचे लावले. त्यांच्यामध्ये चॉकलेटी पाने उठून दिसतात.

रानातून अशी रोपे उपटून आणू नयेत, रोपवाटिकेतूनच घ्यावीत. आणि हो, हे झाड महाराष्ट्राच्या उष्ण हवेत लावण्याचा खटाटोप करू नका. थंडीची दीर्घ विश्रांती ही त्याची गरज आहे.

बियांची गलोल

वाणाचे रोप बियांपासून का करू नये, असे कोणी विचारेल. बीपासून झालेली सर्व रोपे आईसारखी काळसर निघतीलच असे नाही, काही हिरवी निघतात. पण बी पसरते कसे, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

क्रौंचाच्या चोचीसारखे फळ वाळू लागले, की चोचीच्या पाच बाहेरच्या पट्ट्यांत ताण साठतो. प्रत्येक पट्टीच्या तळाशी एक बी असते. ताण पुरेसा वाढला, की पट्टी एकदम सुटून वर वळते आणि बी काही मीटर दूर फेकले जाते. लवचीक पट्टीतील स्थितिज ऊर्जेची गतिज ऊर्जा होते, अगदी गलोलीसारखी.

समजा बी ४५ अंशांच्या कोनात सुटले आणि ३ मीटरवर पडले. हवेचा रोध सोडून दिला तर पल्ला = वेगाचा वर्ग ÷ ग. म्हणून वेगाचा वर्ग = ३ × ९.८ = २९.४, आणि वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर. प्रत्यक्षात हवेचा रोध असतोच, तेव्हा सुटतानाचा वेग याहून जास्तच हवा. सायकल बऱ्यापैकी जोरात हाणली तर जो वेग येतो, तो या झाडाची वाळकी काडी बीला देते.

पुढे काय झाले?

२०२४ च्या एप्रिलमध्ये बहिणीने छायाचित्र पाठवले. ओक अजून उघडाच होता. त्याखाली गडद चॉकलेटी पानांचा छोटा झुबका, आणि मे महिन्यात त्यावर सात फिकट गुलाबी फुले. जुलैत पाने हिरवट तपकिरी झाली. या वेळी मात्र ती घाबरली नाही. खाली तिने लिहिले होते, "दादा, छत्री मिटली."

मित्रांनो, 'काळे अधिक शोषते' हा नियम खोटा नाही. पण नियम सांगून झाला म्हणजे प्रश्न सुटला, असे नसते. शोषलेली ऊर्जा कोठे जाते, प्रकाश कोणत्या रंगाचा आहे, आणि तो वर्षातून केव्हा मिळतो, हे तीन प्रश्न मी विचारायला हवे होते. ते मी विचारले नाहीत, त्याची किंमत रोपाने मोजली.

करून पाहा

१. आपल्या बागांत जांभळ्या पानांची ट्रॅडेस्कँशिया सहज मिळते. तिच्या एकाच फांदीचे दोन तुकडे दोन कुंड्यांत लावा. मुळे धरली, की एक कुंडी उन्हात व दुसरी सावलीत ठेवा. पाणी सारखेच द्या. पाच-सहा आठवड्यांनी फक्त नव्याने आलेल्या पानांचे रंग ताडून पाहा.

२. गडद पानांच्या कोलियसचे एक पान काही मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवा. (हे शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.) पाण्याला रंग येतो आणि पान हिरवे दिसू लागते. अँथोसायनिन पाण्यात विरघळते, हरितद्रव्य विरघळत नाही. थंड झालेल्या पाण्यात लिंबाचा रस आणि दुसऱ्या भागात खाण्याचा सोडा घालून रंगबदल नोंदवा. यासाठी लाल माठ घेऊ नका. त्याचा रंग बीटाच्या गटातील वेगळ्या द्रव्याचा असतो.

३. शाळेच्या आवारातील मोठ्या झाडाखाली दुपारी पांढरा कागद धरून दहा गोल कवडशांची रुंदी मोजा. प्रत्येकाला १०८ ने गुणून फटींची अंतरे काढा. सूर्याकडे मात्र थेट पाहू नका.

विचार करा

१. हिरवे पान नुसत्या तांबड्या दिव्याखाली कसे दिसेल? काळसर पान कसे दिसेल?

२. आपल्याकडचा साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि पावसाळ्यात दाट सावली देतो. सागाच्या रानाच्या तळाशी भरपूर प्रकाश आणि भरपूर पाणी एकाच वेळी मिळते का? ओकच्या रानाशी तुलना करा.

३. वरच्या उदाहरणातील बी ३ मीटरऐवजी ६ मीटरवर पडायचे असेल, तर सुटतानाचा वेग किती पट हवा? आणि ऊर्जा किती पट?